दुर्बीण बघायला बोलावता, मग रेल्वेचं ठरवताना का नाही?

पुणे-नाशिक रेल्वेवर इतकं बोलून झालंय की विषय काढला की लोक आधीच जांभया देतात, पण माझं आजोळ नारायणगावच्या बाजूचं आणि मी राहते कोथरूडला, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी कानावर पडतात आणि दोन्हीकडे समोरच्या पार्टीबद्दल जे काय बोललं जातं ते ऐकून डोकं फिरतं. म्हणून लिहितेय. मी सायन्सवाली नाही, बीकॉम करून अकाउंट्समध्ये आहे, पण हा विषय नुसता सायन्सचा नाहीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याहून नाशिकला थेट रेल्वेमार्ग नाही, अजूनही. सुमारे २३५ किलोमीटरचा सेमी हायस्पीड मार्ग आखला गेला, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा. काही गावांत जमिनींची खरेदीही झाली. मग कळलं की मार्ग जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीजवळून जातोय आणि त्या दुर्बिणीला रेल्वेचा त्रास होणार. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केलं की या कारणाने मार्ग बदलावा लागेल, आणि मग गाडी शिर्डीकडून वळवायची चर्चा सुरू झाली. म्हणजे ज्या जुन्नर-आंबेगाव-खेडने वर्षानुवर्षं रेल्वे मागितली त्यांच्या हातात काय, तर वाटाण्याच्या अक्षता.

आता कोथरूडमध्ये यावर काय बोलतात? "या लोकांना जागतिक दर्जाच्या दुर्बिणीची किंमतच नाही, यांना फक्त जमिनीचे भाव वाढायला हवेत." आणि गावाकडे? "तारे बघून कुणाचं पोट भरलंय, त्या डिशांपायी तालुका मागं राहिला." दोन्ही वाक्यं मी शब्दशः ऐकलेली आहेत, आणि दोन्ही बोलणारी माणसं एरवी चांगली शहाणी आहेत.

आधी दुर्बिणीचं सांगते, कारण तिथेच सगळी गोम आहे. जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यातल्या १४ खोडदजवळ एका ठिकाणी दाटीवाटीने आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, कुणाच्या उसाच्या शेजारी तर कुणाच्या कांद्याच्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी नव्वदच्या दशकात हे उभं केलं आणि भारतातल्या पैशात, भारतातल्या डोक्याने केलं. जागा मुद्दाम अशी निवडली की भोवती डोंगर आहेत, मोठं शहर आणि कारखाने लांब आहेत, त्यामुळे रेडिओचा गोंगाट कमी, आणि तरी पुणे दीड-दोन तासांवर. २०२३च्या जूनमध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं ना, की गुरुत्वीय लहरींची एक अतिशय संथ गुणगुण विश्वात सतत चालू असल्याचा पुरावा मिळालाय, त्यात या डिशांनी गोळा केलेला डेटा होता. टोमॅटोच्या प्लॉटशेजारून!

तर या डिशा बघत नाहीत, ऐकतात. आणि जे ऐकतात ते इतकं क्षीण असतं की चंद्रावर कुणी आपला साधा मोबाईल चालू ठेवून आलं तर तो आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी रेडिओ स्रोतांमध्ये मोजला जाईल. चंद्रावरच्या एका मोबाईलची ही कथा, मग शेजारून जाणाऱ्या गाडीत तर शेकडो मोबाईल. शिवाय विजेवरची गाडी म्हटली की वरच्या तारेला घासत जाणारा पँटोग्राफ आला आणि त्याच्या ठिणग्या आल्या. ठिणगीचं वाईट हे की ती एका स्टेशनवर बोलत नाही, सगळ्या पट्ट्यावर खरखर करते. पूर्वी वीज कडाडली की घरच्या रेडिओवर विविधभारतीत खर्रर्र व्हायचं, तीच भानगड. म्हणजे शास्त्रज्ञ उगाच नखरे करत नाहीयेत, हे आधी मान्य करूया.

आता गावाकडच्या लोकांना विज्ञानाचं पडलेलं नाही, हे म्हणणाऱ्यांनी एकदा २८ फेब्रुवारीला खोडदला जाऊन यावं. विज्ञान दिनाला तिथे दरवर्षी प्रदर्शन असतं आणि त्याला अक्षरशः जत्रा लोटते. टेम्पोत बसून, झेडपीच्या शाळांच्या मुलांना घेऊन सर-बाई येतात, मांडवात मुलांची मॉडेल्स, ठिबकची, बायोगॅसची, कुणीतरी ज्वालामुखी केलेलाच असतो (तो प्रत्येक प्रदर्शनात असतोच, शास्त्रीय नियमच आहे तो), आणि तरुण संशोधक घसा बसेपर्यंत समजावत असतात. मी मामांबरोबर गेले होते. मामांना लांबून वर्षानुवर्षं ती डिश दिसायची, पण एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. जवळ गेल्यावर कळतं की ती भरीव नाहीच, नुसती जाळी आहे! स्टीलची तार, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, आणि मागून ताणून धरलेल्या तारांच्या दोऱ्यांनी तिला वाटीचा आकार दिलेला. मामांनी तिथल्या पोराला विचारलं, भोकं आहेत तर लाटा गळून नाही का जात. त्याने सांगितलं की ज्या लाटा आम्ही पकडतो त्यांची लांबी एक वीत ते पुरुषभर, त्यांना ही भोकं दिसतच नाहीत, त्यांच्या लेखी हा सपाट पत्रा. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. मामा म्हणाले, "म्हंजे आपलं शेडनेटच की!" तो पोरगा हसला आणि म्हणाला अगदी बरोबर. परत येताना पूर्ण रस्ताभर मामा हेच बोलत होते, वाऱ्याचा दाब कमी केला की खांब कसे स्वस्तात पडतात वगैरे, कारण तो हिशोब त्यांनी स्वतःच्या शेतात पैसे घालून शिकलेला आहे.

आता सांगा, या माणसाला पँटोग्राफच्या ठिणगीचं गणित कळणार नाही?

पण ते सांगायला कुणी आलंच नाही ना. मामांना मार्ग बदलल्याचं कळलं ते पेपरमधून. त्याआधी दुर्बीणवाल्यांचं आणि रेल्वेचं जे काय ठरलं असेल ते त्यांचं त्यांच्यात, कागदांवर. डिश किती अंतरावर, कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती त्रास, मार्ग चार किलोमीटर सरकवला तर काय, आठ सरकवला तर काय, हे ज्यांची जमीन आणि ज्यांची गाडी त्यांच्यासमोर मांडून कुणी बसलंय असं मला तरी त्या पट्ट्यात कुणी सांगितलं नाही. लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच की "दुर्बिणीमुळे रेल्वे गेली". आता एवढ्या एका वाक्यावर माणूस काय मत बनवणार?

माझा मामेभाऊ चाकणला कंपनीत आहे. चाकणच्या चौकातलं ट्रॅफिक ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको, बाकीच्यांनी कल्पना करू नये, बीपी वाढेल. शिफ्टला वेळेत पोचायचं तर अंधारात निघायचं, आणि परत येताना पोरगी झोपलेली. त्याला दुर्बिणीचा राग आहे असं नाही, लहानपणी त्यानेही त्याच प्रदर्शनात हायड्रॉलिक जेसीबी ठेवला होता आणि त्याचं सर्टिफिकेट मामीने अजून फ्रेम करून लावलंय. त्याचा राग वेगळा आहे. तो म्हणतो, "ताई, दुर्बीण सगळ्या जगाची, मग तिची किंमत एकट्या जुन्नरनंच का मोजायची?" मोठा कारखाना यायचा म्हटलं की दुर्बीण, रेल्वे यायची म्हटलं की दुर्बीण, मग त्या बदल्यात तालुक्याला काय देता ते तरी सांगा. यात विज्ञानविरोध कुठे आहे? मला तर हा फार सरळ धोरणाचा प्रश्न वाटतो, आणि त्याचं उत्तर कुठल्याही डिशमध्ये सापडणार नाही. दुर्बीण सांगेल की गोंगाट किती चालेल. त्या शांततेचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं हे ठरवणं राजकारणाचं काम आहे, आणि ते राजकारण्यांनी "शास्त्रज्ञ नको म्हणतात" असं म्हणून शास्त्रज्ञांच्या गळ्यात घातलं की ते मोकळे.

बरं, नियमाने तरी लोकांना विचारावं लागतं का? मी जरा शोधाशोध केली. धरण, खाण, मोठा कारखाना यांना २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, नोटीस काढावी लागते. पण रेल्वेमार्ग त्या यादीतच नाहीत. म्हणजे पर्यावरणाच्या नावाने एक जनसुनावणीसुद्धा बंधनकारक नाही. जमीन घेताना नोटीस येते, पण तोवर लाइन नकाशावर मारून झालेली असते, मग तुमच्या हातात भाव ठरवणं उरतं.

आणि जिथे विचारावं असं खुद्द शास्त्रज्ञांनीच लिहून ठेवलं तिथे काय झालं? पश्चिम घाटाचा अहवाल आठवा. आपल्या पुण्याच्याच माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली समिती होती, २०११ मध्ये अहवाल केंद्राकडे गेला. त्यात घाटाचे तीन संवेदनशील पट्टे केले होते, नऊ बाय नऊ किलोमीटरच्या आसपासचे चौकोन आखून, आणि त्याच अहवालात म्हटलं होतं की हे अंतिम समजू नका, ग्रामसभांमध्ये चर्चा करा आणि तिथल्या लोकांच्या म्हणण्यावरून हद्दी पक्क्या करा, हे सगळं स्थानिक भाषेत लोकांपर्यंत जाऊ द्या. सरकारने केलं काय, तर अहवाल दाबून ठेवला! माहितीच्या अधिकारात भांडून, केंद्रीय माहिती आयोग आणि मग दिल्ली हायकोर्टापर्यंत जाऊन तो मे २०१२ मध्ये बाहेर आला. तेवढ्या वेळात गावोगाव काय पसरायचं ते पसरलं, घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, खिळा ठोकायला परवानगी लागणार. ज्या अहवालात "लोकांना विचारा" लिहिलंय तोच लोकांवर लादला जातोय अशी ओरड झाली, आणि ओरड करणाऱ्यांतल्या बहुतेकांनी तो वाचलेला नव्हता कारण वाचायला मिळालाच नव्हता. मग कस्तुरीरंगन समिती आली, २०१३ मध्ये तिने घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवायला सांगितला, त्यावरही मसुदे निघत राहिले. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेच्या आसपास माणसं. बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला, केरळात वायनाडला तसंच. आणि दुसऱ्या दिवशी ३१ जुलै २०२४ ला केंद्राने मसुदा काढला, सहाव्यांदा, हरकती-सूचनांसाठी ६० दिवस.

माळीण माझ्या आजोळापासून फार लांब नाही. त्या पावसात मामा तिकडे मदतीला गेले होते, त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही इथे लिहीत नाही.

हरकती-सूचना हा पुणेकरांचा तर लाडका खेळ. पुण्याच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या! कुठल्या शहरात एवढी माणसं टाऊन प्लॅनिंगवर अर्ज लिहीत बसतात? पण हरकत म्हणजे झालेल्या निर्णयावर तक्रार, त्यात तुमचं अर्ध्या मिनिटाचं म्हणणं ऐकून पुढचा नंबर. निर्णय शिजत असताना तुम्हाला स्वयंपाकघरात कुणी घेत नाही.

"लोकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत" हे कारण तर मला आता ऐकवतच नाही. २५ जुलै २०२४ आठवतोय? खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या पुढे पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकता नगरीत बोटी फिरल्या. त्याआधी क्युसेक हा शब्द आमच्या ऑफिसात कुणी उच्चारला नसेल, आणि आता पावसाळ्यात सिंहगड रोडवाली माझी कलीग डबा उघडताना विचारते "विसर्ग किती चाललाय?" एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, म्हणजे त्या दिवशी सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर, हा हिशोब तिने मला टिशू पेपरवर करून दाखवला. तिला निळी रेषा माहितीये, साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा माहितीये, १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे किती विसर्गाला तिच्या पार्किंगच्या कुठल्या पायरीला पाणी लागतं हे माहितीये. धरणाच्या खाली पडणारा पाऊस आणि ओढ्यांचं पाणी धरणाच्या आकड्यात धरलेलं नसतं, हेही तिनेच सांगितलं मला. ही माहिती कुठल्या मॉडेलमध्ये गेली? कुणी विचारलं तिला? नाही, पण जनजागृतीचे मेसेज मात्र तिला येतात, घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. जनजागृती म्हणजे आम्ही झोपलेलो आहोत असं गृहीत धरूनच सुरुवात!

याच्या उलट नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव. त्याचं कौतुक इतकं झालंय की नाव घेतलं की लोक म्हणतात झालं सुरू, पण एक गोष्ट बघा, तिथे पाऊस मोजला जातो आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, आधी पिण्याचं, मग गुरांचं, उरलं तेवढ्यात कुठलं पीक हे ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. मी अकाउंट्सवाली, मला हे फार आवडतं, शिल्लक बघून खर्च. ताळेबंद चुकला तर त्याच लोकांची विहीर आटणार, म्हणून पर्जन्यमापक नीट वाचला जातो. तिथे कुणाला विज्ञानाची गोडी लावायचा कार्यक्रम घ्यावा लागत नाही. हां, एका गावाचं जमतं ते तीन-चार तालुक्यांचं जमेलच असं नाही, रेल्वेचा मार्ग काही एका ग्रामसभेत ठरणार नाही, हे मलाही कळतं. पण आकडे समोर ठेवून बसायला तरी काय हरकत आहे.

माझा कॉलेजच्या वेळचा एक मित्र आहे, तो याच रेडिओच्या क्षेत्रात आहे, संस्थेचं नाव नको. त्याला मी हे सगळं ऐकवलं, जरा चिडूनच. तो म्हणाला आमचं काम माहिती देणं, निर्णय सरकारचा, आम्ही गावात जाऊन बोलायला लागलो तर म्हणतील शास्त्रज्ञ राजकारण करतात. त्याचं म्हणणं मला अर्धं पटतं. नोकरी त्यालाही आहे. पण न बोलण्यानेही राजकारण होतंच ना, फक्त ते दुसरं कुणीतरी तुमच्या नावावर करतं.

मग मी त्याला मामांचे प्रश्न विचारले. मामांचा पहिला प्रश्न, तेवढ्या पट्ट्यात डिझेल इंजिन लावलं तर? तो म्हणाला ठिणग्यांचा प्रश्न बराच सुटेल, पण गाडीची स्वतःची वायरलेस यंत्रणा आणि पॅसेंजरचे मोबाईल राहतातच, आणि सेमी हायस्पीड गाडीचं इंजिन मध्येच बदलायचं म्हणजे वेळ गेलाच. दुसरा प्रश्न, बोगद्यातून नेली तर? इथे तो जरा थांबला. म्हणाला, डोंगरातून गेली तर लाटा अडतात हे खरं, पण बोगदा किती लांब लागेल, तोंडं कुठे उघडतील, तिथून डिशांना सरळ दिसतं का, खर्च किती, हे सगळं मोजावं लागेल. आणि म्हणाला प्रश्न चांगला आहे हां. मी म्हटलं, मग हे तू मामांना समोर बसून सांग ना, त्यांना मोजणी कळते, माझ्यापेक्षा जास्त.

बराच वेळ आढेवेढे घेतले त्याने. शेवटी म्हणाला येतो, पण ऑफिशियली मी काही बोलणार नाही, आणि फोटो काढायचे नाहीत. मी मामांना फोन करून तसं सांगितलं. मामा म्हणाले, "ऑफिशियल कशाला, जेवायला ये म्हणावं. मी नकाशा काढून ठेवतो, आपल्या गटाचा पण आणि त्या डोंगराचा पण. आणि मोबाईल बंद करून बसू, मग तर झालं?"